दुसरा ब्रेक

चष्मेवाल्याचं दुकान गुरुवारी बंद असे, आणि गेले सात महिने गुरुवार उगवूच नये असं त्याला वाटत होतं. सुट्टीच्या दिवशी माणूस उशिरा उठतो, पेपर सावकाश वाचतो. याच्या घरी मात्र दहाच्या ठोक्याला फोन वाजायचा आणि पलीकडून सासरेबुवा म्हणायचे, "जावईबापू, निघायचं ना?"

सासऱ्यांना गावात सगळे मास्तर म्हणत. शाळेतले मास्तर नव्हेत, मोटार शिकवणारे. पस्तीस वर्षं त्यांनी गाडी शिकवली. डॉक्टर, वाणी, दोन नगराध्यक्ष आणि एक चोर, असे सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. चोराबद्दल ते म्हणत, की पोलिसांनी पकडला खरा, पण सिग्नल नाही तोडला पठ्ठ्याने. प्रत्येक शिकाऊ माणसाला त्याच्या खोडीवरून ते नाव ठेवत आणि ते नाव जन्मभर चिकटे. चष्मेवाला लग्नाआधी त्यांच्याकडे शिकायला आला तेव्हा त्याचं नाव 'गोगलगाय' पडलं होतं. पुढे गोगलगायीने मास्तरांच्या लेकीलाच मागणी घातली, आणि मास्तर 'अरे-तुरे'वरून 'अहो-जाहो'वर आले. रागावले किंवा घाबरले की मात्र जुन्या वळणावर जात.

क्लास बंद झाला तेव्हा मास्तरांनी सगळ्या गाड्या विकल्या, एक सोडून. ती पांढरी, लहानशी, शिकवणीचीच गाडी. टपावरची पाटी काढलेली, पण तिच्या स्क्रूंची चार भोकं लांबी भरून बुजवलेली दिसत. आत डाव्या-उजव्या दोन्ही सीटांसमोर पेडल होती, कारण शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याला आपल्या बाजूने ब्रेक दाबता यायला हवा. शिकवणाऱ्यासाठी वेगळा छोटा आरसाही होता. मास्तर आता चालकाच्या सीटवर बसत आणि जावई शिकवणाऱ्याच्या.

हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं. सात महिन्यांपूर्वी मास्तर वाचायचा चष्मा बदलायला दुकानात आले होते. समोरच्या तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळ त्यांनी खडाखड वाचून दाखवली आणि म्हणाले, की तिशीतल्या पोरांना जमायचं नाही. चष्मेवाल्याने सवयीने पुढची तपासणी केली. "माझ्या नाकाकडे बघत राहा, आणि बाजूला बोटं हललेली दिसली की सांगा," म्हणाला. त्याने बोटं कानाच्या रेषेत धरून हलवायला सुरुवात केली. मास्तर गप्प. तो बोटं पुढे आणत गेला. मास्तर गप्पच. बोटं जवळजवळ गालापाशी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "हां, आता हलली." दुसऱ्या बाजूलाही तेच.

त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांना थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ, कडेचं गेलेलं. नळीतून बघावं तसं. थेंब घालून उरलेली नजर राखता येईल, गेलेली परत येणार नाही, आणि गाडी आजपासून बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मास्तरांनी जावयाचं मनगट धरलं.

"लेकीला सांगू नकोस," ते म्हणाले. "ती चावी काढून घेईल आणि मला खुर्चीत बसवेल. मी माझा मीच थांबवतो. थोडे दिवस दे."

त्याने शब्द दिला. तेव्हा त्याला वाटलं होतं, आठवडा, फार तर पंधरा दिवस. पण पहिल्याच गुरुवारी फोन आला, मंडईत जाऊन येऊ म्हणून. तो घाबरून शेजारी बसला आणि पहिल्याच चौकात, बाजूने सायकल आली तेव्हा, त्याच्या पायाने दुसरा ब्रेक शोधला. हलकेच दाबला. गाडी थांबली, सायकल गेली, मास्तर काही बोलले नाहीत. त्याला वाटलं, त्यांना कळलंही नाही.

झालं. तेव्हापासून दर गुरुवारी हेच. मास्तर गाडी चालवत आणि हा ती थांबवत असे. घरी बायको कौतुकाने सांगायची, की बाबांना तुमच्याशिवाय करमत नाही बघा. तो मान हलवायचा. सांगावं तर शब्द मोडतो, आणि इतके दिवस का लपवलं याचं उत्तर दिवसागणिक अवघड होत जातं. न सांगावं तर एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव जायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि त्यातच सोमवारी लेकीकडे जेवायला आलेल्या मास्तरांनी जाहीर केलं, की शुक्रवारी लेकीला आणि नातीला ते स्वतः गाडीने मावशीकडे घेऊन जाणार. दोन तासांचा घाटरस्ता. जावयाचं दुकान उघडं असणार, म्हणजे तो नाही. नात टाळ्या पिटत होती. बायकोने लगेच बॅग काढली.  तीन दिवस चष्मेवाला निमित्तं शोधत राहिला: पाऊस येईल, छोटीला सर्दी आहे, मावशीच घरी नसेल. एकही चाललं नाही. गुरुवार आला आणि फोनवर मास्तर म्हणाले, "आज टाकी फुल करून आणू. उद्या सकाळी लवकर निघायचंय."

आज बोलायचंच, असं ठरवून तो गाडीत बसला.

गावातला एक पंप दुरुस्तीला काढलेला होता, त्यामुळे दुसऱ्या पंपावर रांग रस्त्यापर्यंत आली होती. अकराचं ऊन. वीस मिनिटांत गाडी जेमतेम आत शिरली. मास्तरांना रांगेचा कायमचा कंटाळा. समोर त्यांना एक मोकळी फट दिसली, एका बाजूला पंपाचा ओटा, दुसऱ्या बाजूला उभा असलेला पेट्रोलचा टँकर. तिथे का कुणी जात नाही, याचा विचार न करता त्यांनी गाडी तिकडे घातली. चष्मेवाला नेमका तेव्हा फोन बंद करत होता, कारण पंपावर तशी पाटी असते. बंपरखाली काहीतरी करकरलं.

"काय आलं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. प्लास्टिकचं काहीतरी," तो म्हणाला. तो भगवा अडथळ्याचा शंकू होता, चांगला गुडघाभर उंच, आणि जमिनीवर पिवळे पट्टे ओढलेले होते. पण सात महिन्यांची सवय अशी, की खोटं आधी तोंडातून निघे आणि मग डोक्यात येई.

गाडी फटीत पुरती शिरली आणि पंपाचा मॅनेजर हात हलवत धावत आला. टँकर रिकामा होत होता. जाड पाइप जमिनीतल्या टाकीला लावलेला होता. मॅनेजरने खिडकीतून वाकून सांगितलं, की इंजिन ताबडतोब बंद करा आणि मी सांगेपर्यंत चावीला हात लावू नका. पंचवीस मिनिटं तरी लागतील. मास्तरांच्या मागोमाग, वाट खुली झाली असं समजून, आणखी तीन गाड्या घुसल्या होत्या. त्यांनाही इंजिनं बंद करावी लागली. पुढे हवा भरायच्या खोलीची भिंत.

चष्मेवाल्याने उतरायला दार ढकललं. ओट्याच्या कडेने लावलेल्या लोखंडी नळीवर ते ठण्णकन आपटलं. चार बोटं उघडलं, पाचवं नाही. मास्तरांच्या बाजूला टँकरचं चाक, दार तीन बोटं. मागच्या दारांची तीच गत, आणि डिकीचं कुलूप गंजून कैक वर्षं झाली होती. आत दोन माणसं, ऊन, आणि पेट्रोलचा वास.

ओट्यावरून एक बाई वाकली. पंपावर काम करणारी, कमरेला पैशांची पिशवी, डोक्यावर टोपी.

"मास्तर, टाकीचं झाकण तर तुमच्या बाजूला आहे," ती म्हणाली. "इथून नळी कशी पोचेल?"

मास्तर थबकले. अठरा वर्षं ही गाडी त्यांच्याकडे होती. झाकण कुठे आहे हे ते झोपेत सांगू शकले असते. पंप कुठल्या बाजूला आहे, ते मात्र त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी सगळी मान वळवून आवाजाच्या दिशेने बघितलं.

"अगं, तू दचका ना?" ते म्हणाले.

ती हसली. पंधरा वर्षांपूर्वी क्लच सोडताना ती गाडीला असे दचके द्यायची, की मागे बसलेल्यांची डोकी टपाला लागत. त्यावरून नाव. मास्तरांनी तिला विचारलं, आता तरी सरळ चालवतेस का. ती म्हणाली, की आता चालवायला गाडी नाही, नुसतं दुसऱ्यांच्या गाड्यांना पाजते. मग कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दाबला. कुणी तरी शिव्या दिल्या. मास्तरांनी काच थोडी खाली केली, परत वर केली, वासाने बरं वाटेना म्हणून पुन्हा खाली केली. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. चष्मेवाल्याला आठवलं, की आज बोलायचं ठरवलं होतं. जागा तर देवाने अशी दिली होती, की ना त्याला पळता येत होतं ना त्यांना.

त्याने घाटापासून सुरुवात केली. वळणं फार आहेत, म्हणाला. मास्तर म्हणाले, की त्या घाटात त्यांनी तो जन्मायच्या आधीपासून गाडी घातलीय. त्याने डॉक्टरांचं नाव काढलं. मास्तर म्हणाले, थेंब अगदी वेळेवर घालतो. त्याने म्हटलं, प्रश्न थेंबांचा नाही. मास्तरांनी रेडिओचं बटण फिरवलं, आणि रेडिओही चावीशिवाय लागत नाही हे लक्षात येऊन हात मागे घेतला. मग ते मान वळवून ओट्यापलीकडे दूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीचा नंबर वाचू लागले. बरोबर वाचला. दुसऱ्या गाडीचा वाचला. तोही बरोबर. चष्मेवाला शेजारी बसून ते आकडे ऐकत राहिला आणि त्याला रडू येईल की काय असं वाटू लागलं.

"उद्या मी बरोबर नसेन," शेवटी तो एवढंच म्हणाला.

"मग? गाडी कोण चालवतं, तू की मी?" मास्तर म्हणाले. 'अहो' गळून पडलं होतं.

अर्ध्या तासाने टँकरचा पाइप निघाला. मॅनेजरने मागच्या तिन्ही गाड्या एकेक करून मागे घ्यायला लावल्या आणि यांना हाताने इशारा केला. आता यांना उलटंच निघायचं होतं. दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा.

"मी बघतो मागे. सावकाश घ्या," चष्मेवाला म्हणाला.

मास्तरांचा अपमान झाला. पस्तीस वर्षं ज्याने रिव्हर्स शिकवला त्याला हे सांगायचं? त्यांनी गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि जरा झोकातच सोडली. गाडी सरळ मागे गेली, कुठेही न घासता. खरोखर सुरेख. आणि तेव्हा चष्मेवाल्याला छोट्या आरशात दचका दिसली. ती मोडलेला शंकू उचलायला बाजूने आली होती आणि गाडीच्या मागे, वाकलेली होती.

त्याने ब्रेक दाबला. हलकेच नव्हे, दोन्ही पाय लावून. गाडी जागच्या जागी ठेचकाळली आणि बंद पडली.

दचका उठून उभी राहिली. बंपर आणि तिच्यामध्ये हातभर अंतर होतं. शंकूचा तुकडा तिच्या हातात तसाच होता. ती ओट्यावरून खिडकीशी आली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर, मी हाक मारली होती. हातही दाखवला," ती म्हणाली. आणि उत्तराची वाट न बघता पंपाला टेकून उभी राहिली.

 चष्मेवाल्याचे पाय अजून पेडलवरच होते. ते उचलायचे, हे त्याला सुचत नव्हतं.

"पाय काढ," मास्तर म्हणाले.

त्याने काढले.

"तू तिकडचा ब्रेक दाबलास की माझ्या पायाखालचा आपोआप खाली जातो," मास्तर म्हणाले. ते समोर भिंतीकडे बघत होते. "एकाच दांड्याला जोडलेत दोन्ही. पस्तीस वर्षं तिथे बसून मी तो दाबत आलोय. तुला काय वाटलं, मला कळत नाही?"

चष्मेवाल्याला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मंडईचा चौक, सायकल, शाळेसमोरची पोरं, दर गुरुवारी दहाचा फोन. त्यांना करमत नव्हतं म्हणून नव्हे. बाजारात जाताना पिशवी न्यावी तसं ते त्याला ब्रेकसाठी नेत होते.

"पहिल्या दिवसापासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

त्याला राग आला. सात महिन्यांत पहिल्यांदा. झोप उडालेल्या बुधवारच्या रात्री, बायकोशी बोलताना चुकवलेली नजर, सगळं एकदम वर आलं. पण मोठ्याने बोलायची त्याला सवय नव्हती.

"मग उद्या या सीटवर कोण बसणार आहे?" त्याने विचारलं.

"तुझी बायको बसेल."

"तिथे का बसायचं, ते माहीत आहे तिला?"

 मास्तरांचे हात स्टिअरिंगवर होते, दहा वाजून दहा मिनिटांवर, ते शिकवत तसे. हळूहळू ते खाली, मांडीवर आले.

"तू घे," ते म्हणाले. "मला इथून काढ."

दारं तर उघडत नव्हती. म्हणून दोघांनी आतल्या आतच जागा बदलली. बहात्तर वर्षांचा सासरा आणि पोट सुटलेला जावई, लहानशा गाडीत. मास्तर मागच्या सीटवर जायला निघाले आणि गिअरच्या दांड्यावर त्यांचा पायजमा अडकला. जावयाने तो सोडवला. मग जावई सरकला, त्याचं डोकं टपाला आपटलं, कोपर हॉर्नवर पडलं आणि हॉर्न बराच वेळ वाजत राहिला. रांगेतली माणसं हसू लागली. मॅनेजरही हसला. मास्तर मागच्या सीटवर अंग चोरून बसले. पुढे या म्हटलं तर आले नाहीत.

गोगलगायीने गाडी गोगलगायीसारखीच बाहेर काढली, वळसा घालून बरोबर पंपाशी लावली. दचकाने नळी उचलली आणि विचारलं, फुल करायची का. चष्मेवाल्याने आरशात पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. दचका थांबून राहिली. शेवटी त्यानेच सांगितलं, घरी पोचण्यापुरतं दे. एवढं ऐकून मास्तरांनी डोळे मिटले.

वाटेत मास्तर एकदाच बोलले. म्हणाले, लेकीला मीच सांगेन, माझं मला सांगू दे. चष्मेवाला बरं म्हणाला, आणि छातीवरचा धोंडा हलल्यासारखं त्याला वाटलं.

घरी बॅग दाराशी भरून तयार होती. लेक पंखा लावून छोटीचे कपडे घड्या करत बसली होती. एवढा उशीर का, फोन का बंद, असं तिने विचारलं. मास्तर खुर्चीत बसले, पाणी मागितलं, सावकाश प्यायले.

"उद्याचं रद्द कर," ते म्हणाले. "क्लच गेलाय गाडीचा."

आणि भांडं खाली ठेवून त्यांनी जावयाकडे पाहिलं. पाहायला त्यांना मान बरीच वळवावी लागली. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि ते जास्त वाईट होतं. मान हलवली की संपलं. उद्याचा दिवस टळला, शब्द राहिला. पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन.

"क्लच ठीक आहे," चष्मेवाला म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. उभ्या-उभ्याच. तक्ता, बोटं, डॉक्टर, पायऱ्या, गुरुवार, आजची ती बाई. मास्तरांनी मध्ये एकदाच तोंड घातलं, की त्याला मी गळ घातली होती, त्याचा दोष नाही. लेक ऐकत होती. तिच्या हातातला छोटीचा फ्रॉक अर्धा घडी झालेला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मंगळवारी छोटीला शाळेतून तुम्ही आणलंत. गाडीतून?"

"हो," मास्तर म्हणाले.

"दोघंच?"

"हो."

"त्याच्या आधीच्या मंगळवारी?"

मास्तरांनी रिकामं भांडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. चष्मेवाला मटकन बॅगेवर बसला. सात महिने त्याला वाटत होतं, की जग आणि मास्तर यांच्यामध्ये आपला पाय आहे. त्या पायाला फक्त गुरुवार ठाऊक होता. बाकीचे सहा दिवस तो दुकानात बसून लोकांना तक्ता वाचायला लावत होता.

लेकीने हात पुढे केला. मास्तरांनी खिसा चाचपला आणि मग त्यांना आठवलं, की चावी जावयाकडे आहे. त्याने ती तिच्या हातावर ठेवली. तिने ती कमरेला खोचली, नवऱ्याला बॅगेवरून उठायला सांगितलं, आणि बॅग उघडून एकेक कपडा बाहेर काढायला लागली. छोटीचे, तिचे, मावशीसाठी घेतलेलं पातळ.  शेजारच्या घरातून छोटी खेळून येईपर्यंत तिला हे आवरायचं होतं. एक माणूस खुर्चीत आणि एक भिंतीशी, दोघेही तिचे, आणि खोलीतून बाहेर जाण्याचं धाडस दोघांनाही होईना. दार उघडंच होतं.